धुराच्या भोंग्याची देखभाल, टॉवेलच्या तुसात राहणाऱ्यांसाठी

आमच्या वरच्या खोलीतल्या धुराच्या डिटेक्टरचे, म्हणजे धूर आला की ओरडणाऱ्या डबीचे, दोन पेन्सिल सेल मला मागच्या ऑक्टोबरात टीव्हीच्या रिमोटमध्ये सापडले. कुणी काढले हे विचारायची गरज नव्हती, घरात क्रिकेट बघणारा माणूस एकच आहे. डबी मात्र छताला तशीच. खालून बघणाऱ्याला वाटावं, आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे. किती रात्री आम्ही त्या रिकाम्या डबीखाली झोपलो, देव जाणे. त्या दिवसापासून घरातल्या दोन्ही डिटेक्टरचा ताबा मी घेतला.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून चालत दहा मिनिटांवर. खाली चार शिलाई मशीन आहेत, टॉवेल-नॅपकिनला काट मारायचं, म्हणजे कडा शिवायचं काम चालतं. वर आम्ही पाच माणसं राहतो. म्हणजे रोज रात्री झोपतो ते कापसाच्या गठ्ठ्यांच्या डोक्यावर. 18 मे 2025 ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. मालकाचं कुटुंब तिथेच राहायचं. त्या बातमीनंतर पूर्व भागात खाली माल आणि वर संसार असलेल्या कुठल्या घरात झोप लागली असेल? पुढच्याच रविवारी पुण्याहून मुलगा दोन डिटेक्टर घेऊन आला, अर्ध्या तासात लावले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. सासूबाईंनी त्यांचं नाव लगेच ठेवलं, भोंगा. मिलच्या भोंग्यावर ज्यांचं आयुष्य गेलं त्या दुसरं काय म्हणणार?

लावणं सोपं होतं. सांभाळणं मी पुढच्या वर्षभरात चुका करत शिकले. पहिली गोष्ट ही कळली की भोंगा उगाच वाजायला लागला की घरातलं कुणी ना कुणी त्याचे सेल काढतंच, आणि एकदा काढलेले सेल परत कुणी बसवत नाही. म्हणून माझी सगळी देखभाल एकाच गोष्टीसाठी आहे, त्याने उगाच ओरडू नये.

आधी आवाज ओळखा

आमचा भोंगा दोन तऱ्हेने बोलतो. धूर असेल तर तीन लांब टाहो, जरा थांबून परत तीन, थांबायचं नावच नाही. सोबतच्या कागदावर तीन मीटरवर 85 डेसिबल असं लिहिलंय. खाली चारही मशीन चालू असताना हाक मारायला जेवढं ओरडावं लागतं, त्याच्याही वर जातो हा आवाज. दुसरा आवाज म्हणजे मिनिटाला, कधी अर्ध्या मिनिटाला, एकदाच ‘चिक’. त्याचा अर्थ सेल उतरलाय.

हा ‘चिक’ मी पहिल्यांदा ऐकला तो डिसेंबरात, पहाटे चारला. पाल चुकचुकली म्हणून मी झोपेतच ‘कृष्ण कृष्ण’ म्हटलं आणि कूस बदलली. पाचव्यांदा चुकचुकल्यावर उठून बसले. एवढी नेमाने चुकचुकणारी पाल कुठली असायला? तेवढ्यात आमच्या ह्यांचा आवाज, “कवापासून बोंबलायलंय, बघ की जरा!”

तो पहाटेच का वाजतो, यालाही कारण आहे. गारठ्यात सेलचा जोर उतरतो, आणि पहाट ही चोवीस तासांतली सगळ्यात गार वेळ. काठावर आलेला सेल दिवसा कसाबसा तग धरतो आणि चारला मान टाकतो. सकाळी ऊन चढलं की ‘चिक’ थांबतो आणि आपल्याला वाटतं, झालं बरं. बरं काही झालेलं नसतं. त्याच दिवशी सेल बदला.

सेल घेताना अल्कलाइन म्हणून सांगून घ्या. भिंतीवरच्या घड्याळाला चालतात ते स्वस्तातले सेल याला पुरत नाहीत, आणि चार्ज करायचे सेल तर कागदावरच नको म्हणून लिहिलेले असतात. आमच्या एका डिटेक्टरला दोन पेन्सिल सेल लागतात, दुसऱ्याला नऊ व्होल्टचा चौकोनी. माझा सल्ला चौकोनीवाल्याचा, कारण तो रिमोटमध्ये बसत नाही. नवा सेल घालताना त्यावर मार्करने तारीख लिहायची आणि चिकचिक होवो न होवो, वर्षाने बदलायचा. नवा घालूनही चिकचिक थांबली नाही तर सेल बाहेर काढून बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. आत उरलेला करंट निघून जातो. मग सेल परत बसवून पाहा. तरीही चालूच राहिली तर आत धूळ आहे किंवा डबीचं वय झालंय.

तूस हा खरा वैरी

डबीच्या आत एक काळी बारीक कोठडी असते. तिच्यात एक छोटा दिवा आणि एक डोळा बसवलेला असतो, पण तिरपे, म्हणजे दिव्याचा उजेड थेट डोळ्यात जात नाही. धूर आत शिरला की उजेड त्याच्या कणांवर आपटून चहूकडे फाकतो, त्यातला थोडा डोळ्यावर पडतो आणि भोंगा वाजतो. आता आमच्या घरातलं तूस बघा. टॉवेलला काट मारताना उडणारा तो पांढरा भुगा पापण्यांवर बसतो, चहाच्या कपात पडतो, जिन्याच्या कठड्यावर संध्याकाळपर्यंत बोटाने नाव लिहिता येईल एवढा साठतो. तो त्या कोठडीत शिरला की उजेड त्याच्यावरही तसाच फाकतो. यंत्राच्या दृष्टीने तूस आणि धूर एकच.

मुलाने पहिला डिटेक्टर खाली मशीनच्या वर लावला होता. आग लागली तर तिथेच लागणार, हा त्याचा हिशोब. दर तिसऱ्या दिवशी तो कोकलायचा. एकदा दिरांनी वैतागून मशीन साफ करायच्या ब्लोअरने त्याच्यावर दाबून हवा मारली. जाळीवरचं तूस सगळं आत गेलं. पुढचे दोन दिवस तो थांबून थांबून ओरडला आणि मग कायमचा गप्प झाला. बटण दाबलं तरी हूं नाही की चूं नाही.

त्यातून दोन गोष्टी शिकले. जिथे तूस उडतं तिथे धुराचा डिटेक्टर लावायचाच नाही. तिथे उष्णतेवर चालणारा मिळतो तो लावावा. साधारण 57-58 अंशाला तो वाजतो आणि तुसाशी त्याचं वाकडं नाही. मात्र धूर त्याला कळत नाही, म्हणून झोपायच्या जागी तो पुरणार नाही. धुराचा डिटेक्टर मी जिन्याच्या वरच्या टोकाला, छताला लावला. खालचा धूर वर यायला जिन्याशिवाय वाट नाही, आणि तूस तिथवर कमी पोचतं. दुसरी गोष्ट, साफसफाईत हवा आत मारायची नाही, धूळ बाहेर ओढायची.

माझी पद्धत अशी. स्टुलावर चढून डबी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवते, ती हातात येते. आधी जमिनीकडे तोंड करून कोरड्या मऊ ब्रशने जाळी झाडते. मी रंगाचा दोन इंची नवा ब्रश घेतलाय आणि त्याला सुतळी बांधून ठेवलीय, म्हणजे तो दुसऱ्या कामाला जाणार नाही. मग व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला ब्रशचं तोंड लावून जाळीभोवती हळू फिरवते. शेजारच्या अक्कांकडे आहे, महिन्यातून एकदा मागून आणते. वरून कोरडं फडकं. पाणी नाही, साबण नाही, काच पुसायचा स्प्रे नाही. डबी उघडायची तर मुळीच नाही. लख्ख करायची आपल्या हाताला सवय असते, पण हे पितळेचं भांडं नव्हे.

डबी परत बसवली की लगेच बटण दाबून बघायची. नीट बसली नसेल तर तिथेच कळतं.

तुसाबद्दल एक गोष्ट मात्र उलटी आहे. कापूस भडकन पेटतोच असं नाही. गठ्ठ्यात ठिणगी शिरली की तो आतल्या आत तासन्‌तास धुमसतो, जाळ दिसत नाही, नुसता धूर. उजेडावर चालणारे डिटेक्टर असा धुमसता धूर लवकर पकडतात. किरणोत्सारी पदार्थाचा अगदी बारीक कण वापरणारा एक जुना प्रकारही असतो, त्याच्या पाठीवर तीन पाकळ्यांचं चिन्ह असतं. तो भडकत्या जाळाला लवकर ओळखतो, धुमसत्याला उशिरा. कापूस, गाद्या, चादरी असलेल्या घराला पहिला प्रकार बरा. खोक्यावर ‘फोटोइलेक्ट्रिक’ किंवा ‘ऑप्टिकल’ लिहिलेलं बघून घ्या.

फोडणी, शेंगा आणि धूप

सुक्या मिरच्या घातलेली फोडणी आमच्याकडे शेजारपाजाऱ्यांना शिंका आणते, तिथे भोंग्याची काय कथा? त्यात मी चटणीसाठी शेंगा भाजते, एका वेळी दोन किलो, लोखंडी कढईत. साल जळायला लागलं की निळसर धूर छताला लागतो. पहिल्या जून महिन्यात वरचा भोंगा चार वेळा वाजला, चारही वेळा शेंगांमुळे. ह्यांनी सेल काढले ते त्याच सुमारास असणार, असा माझा संशय आहे.

उपाय अंतराचा आहे. गॅसपासून किमान दहा फूट लांब. आमचा स्वयंपाकाच्या दारापासून आठ फुटांवर होता, मी तो खोलीच्या पलीकडच्या टोकाला नेला. तेव्हापासून शेंगा भाजताना एकदाच वाजलाय, तोही दार उघडं राहिलं म्हणून. बऱ्याच डिटेक्टरवर थोडा वेळ गप्प करायची सोय असते, बटण दाबलं की आठ-दहा मिनिटं शांत राहतो आणि आपोआप परत जागा होतो. घरातल्या प्रत्येकाला हे बटण दाखवून ठेवा. झाडूच्या दांड्याने दाबता येतं, स्टूल लागत नाही. गप्प करायचा सोपा रस्ता माहीत असला की सेलला कुणी हात लावत नाही.

धूप, उदबत्ती, डासांची कॉइल यांचंही तेच, डबीच्या बरोबर खाली नको. आणि भोंगा तपासायला त्याच्याखाली उदबत्ती किंवा पेटता कागद धरू नका. आमच्या गल्लीत हे करणारे दोघे आहेत. चिकट काजळी आत बसते आणि तपासणीतच यंत्र बिघडतं. दिवाळीत आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाच्या रात्री आमच्याकडे खिडक्या लावून घेतो, डिटेक्टर काढून ठेवत नाही.

पंखा आणि पत्रा

मुलाने दुसरा डिटेक्टर पंख्याला खेटून लावला होता. पंखा धूर फाकवतो आणि तो डबीपर्यंत पोचू देत नाही. पात्याच्या टोकापासून तीन फूट तरी हवेत. मग आमच्यासारख्या दहा बाय दहाच्या खोलीत लावायचा कुठे? मधोमध चार फुटी पंखा, पात्याचं टोक समोरच्या भिंतीपासून मोजून तीन फुटांवर. मी दोरी घेऊन मापलं. सरळ भिंतीकडे जागाच उरत नाही, पण पंख्याच्या मध्यापासून कोपऱ्याकडे तिरपं जा. तिथे सात फूट मिळतात. दोन्ही भिंतींपासून एकेक फूट सोडून खूण केली, पात्यापासून साडेतीन फूट अंतर निघालं. अगदी कोपऱ्यात मात्र घुसवू नका, तिथली हवा कोंडलेली असते, धूर उशिरा पोचतो.

पत्र्याच्या खोलीचं आणखी वेगळं. एप्रिल-मेमध्ये सोलापूर 42-43 अंशाला जातं, पत्र्याखालची हवा तर हात लावावा तर भाजावा अशी. घरगुती डिटेक्टर बहुतेक 38-40 अंशापर्यंतच नीट चालतील असं खोक्यावर लिहिलेलं असतं, विकत घेताना तो आकडा बघा. शिवाय पत्र्याखाली तापलेल्या हवेचा थर साचतो आणि थंड धूर त्याच्या खालीच अडकतो. तिथे लावायचाच झाला तर पत्र्याला नाही, आतल्या भिंतीवर, वरून 4 ते 12 इंच खाली.

पौर्णिमेला ब्रश, अमावास्येला बटण

तारीख लक्षात राहत नाही, तिथी राहते. अमावास्येला आमच्याकडे मशीनना हळदी-कुंकू लावून नारळ फोडतात. नारळ फुटला की मी वर येऊन दोन्ही भोंग्यांची बटणं एकेक दाबते, पूर्ण आवाज येईपर्यंत धरून. आवाज बसका आला तर सेल बदलते. महिन्यातून एकदा एवढं पुरतं. झाडणं कागदावर महिन्याला एकदा लिहिलंय, पण ते तूस नसलेल्या घरांसाठी. मी पौर्णिमेलाही ब्रश फिरवते, आणि लग्नसराईच्या ऑर्डरी असतील तर मधेही.

दसऱ्याच्या आधी रंगकाम निघालं की डबी काढून डब्यात ठेवायची आणि रंग वाळल्यावर परत लावायची. छताबरोबर रंगवलेली डबी मी एका नातेवाइकांच्या घरी पाहिलीय, जाळी पूर्ण बुजलेली. ती पुसून उपयोग नाही, नवीनच घ्यावी लागते. मुंग्या-झुरळांचं औषध मारतानाही काढून ठेवा. आणि परत लावायला विसरू नये म्हणून मी ती डबी चहाच्या डब्याशेजारी ठेवते. चहा काही चुकत नाही.

वयाचंही बघा. डबीच्या पाठीवर बनवल्याची तारीख असते, तिथून दहा वर्षं. विकत घेतल्यापासून नव्हे. दिरांच्या ब्लोअरनंतर जो नवा आणला तो ऑगस्ट 2025 मध्ये घेतला, पण पाठीवर मार्च 2023 निघाला. म्हणजे दुकानाच्या फळीवरच त्याची अडीच वर्षं गेली. तो मार्च 2033 ला बदलायचा, तसं मी जाळीच्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय. दुकानात खोकं उघडून तारीख बघूनच पैसे द्या. माझ्याकडून ते राहिलं.

जुळे सोलापूरकडच्या नव्या उंच इमारतींत डिटेक्टर वायरने खालच्या पॅनेलला जोडलेले असतात. ते स्वतः काढायला जाऊ नका, सोसायटीने देखभालीला नेमलेल्या माणसाला सांगा. आणि गॅस सुटला तर हा भोंगा वाजत नाही. त्याचा डिटेक्टर वेगळा असतो आणि तो जमिनीलगत लावतात, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो.

सासूबाईंचा कान

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. एका अमावास्येला बटण दाबलं, भोंगा घर डोक्यावर घेऊन ओरडला आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या सासूबाई हलल्याही नाहीत. वय झालं की कानाला आधी बारीक, चिरका आवाज यायचा थांबतो, आणि या डब्यांचा आवाज नेमका तसाच असतो. मिलचा भोंगा त्यांना आजही ऐकू आला असता, तो घोगरा होता. जाड आवाजाचे आणि उशीखाली थरथरणारे डिटेक्टरही असतात, पण ते आमच्या पेठेतल्या दुकानांत दिसले नाहीत. तोवर आम्ही ठरवलंय, भोंगा वाजला की धाकट्याने दुसरं काही न बघता आजीच्या खोलीत जायचं. दोन वेळा रात्री मुद्दाम बटण दाबून बघितलं. पहिल्या वेळी तो स्वतःच उठला नाही. दुसऱ्या वेळी उठला आणि आजीला हलवून म्हणाला, “भोंगा वाजायलाय की आजी, उठ!” आजी म्हणाली, “पाळी बदलली का?”

खराच वाजला तर काय, तेही सांगते. दार बंद असेल तर उघडण्याआधी हाताची पालथी बाजू लावून बघायची. तापलेलं असेल तर उघडायचं नाही. धूर असेल तर वाकून, जमिनीलगत चालायचं, चांगली हवा खालीच असते. बाहेर पडल्यावर 101 किंवा 112 ला फोन. आत राहून मोबाईल, पाकीट, मालाचं बिलबुक शोधत बसायचं नाही. गच्चीच्या आणि जिन्याच्या ग्रिलच्या किल्ल्या आम्ही ह्यांच्या पँटच्या खिशातून काढून दाराशेजारच्या खिळ्याला आणल्या. जिन्यात गठ्ठे ठेवायचे नाहीत हेही ठरलं. तरी ऑर्डरीच्या दिवसांत एखादा गठ्ठा पायरीवर येऊन बसतोच, “तासाभरात टेम्पो येईल” म्हणून. मी तो टेम्पो यायच्या आधी उचलायला लावते, मग भांडण होतं.